बाळंतिणीच्या खोलीचे झरोके

सांगली, २४ नोव्हेंबर १९४६

ती. दादा यांस,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नका. हे पत्र शेगडीविषयी आहे.

तुम्ही क्वेट्ट्याहून पाठवलेली पेटी काल माझ्या बिऱ्हाडी पोचली. बादशहाभाईंनी ती स्वतः खांद्यावरून आणली. तुमच्या लष्करी डेपोतून सुटून ते इस्लामपूरला घरी आले आहेत आणि आता कराड-पाटण उतारूंची सर्व्हिस मोटार चालवणार आहेत. पेटी परस्पर आईकडे न नेता इकडे का आणली, असे मी त्यांना विचारले.

"जमादारसाब बोलले, हे यंत्र घरात कुणाला कळायचं न्हाई. अंजनाकडं दे, ती शिकलेली हाय."

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच, ताई. मग दुसरीकडं बघत बसले."

पेटीतली चिठ्ठी आईच्या नावची आहे. मी ती वाचली, कारण आईला ती मीच वाचून दाखवणार. "सुलाच्या खोलीत लावा. दार-खिडकी घट्ट बंद ठेवा. वाऱ्याचा कण आत येऊ देऊ नका." शेवटच्या वाक्याखाली तुम्ही रेघ ओढली आहे. ती आईसाठी नाही, हे मला समजते.

दोन वर्षांपूर्वी वैनीच्या पहिल्या बाळंतपणात मी त्या खोलीची खिडकी उघडली होती. दुसऱ्या दिवशी परीक्षेसाठी मी सांगलीला परत आले आणि त्यानंतर लगेच मूल गेले. तुम्ही इटलीतून मला लिहिलेत, "तुझ्या शिक्षणाने माझे पोर गेले." त्या पत्राला मी उत्तर दिले नाही. आजही देत नाही.

शेगडीबद्दल मात्र लिहिणे भाग आहे. आपल्याकडे लग्नात लावतात त्या गॅसबत्तीचेच हे भावंड आहे. खाली रॉकेलची टाकी, बाजूला पंप, वर नळी. नळी तापली की रॉकेलची वाफ होते, ती वाफ गॅससारखी जळते आणि तिच्यावरची जाळी लाल होऊन ऊब देते. पाठीमागे तांब्याची परात आहे, ती ऊब पुढे फेकते. वस्तू उत्तम आहे. पण हिला धुराडे नाही. जे जळते ते सगळे खोलीतच राहते, आणि जळायला लागणारी हवासुद्धा ती खोलीतूनच घेते, म्हणजे वैनीच्या आणि होणाऱ्या मुलाच्या वाट्याची. तेव्हा तुम्ही रेघ ओढलेले वाक्य मला पाळता येणार नाही. ते पाळायचे असेल तर शेगडी परत पाठवते.

तुमचे उत्तर येईपर्यंत मी ती तपासून ठेवते.

अंजना


सांगली, १५ डिसेंबर १९४६

ती. दादा यांस,

तुमचे कार्ड मिळाले. त्यावर एकच ओळ आहे: "पंपातला वायसर कातडी आहे, गोडे तेल द्यावे."

तेल दिले.

शेगडी परत पाठवा असे तुम्ही लिहिलेले नाही. म्हणून मी पुढे गेले.

पंप मारून सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावले. टाकीच्या टोपणापाशी फुगे आले. आतली चकती वाळून चिरली होती, ती बदलली. नळीच्या तोंडाचे छिद्र काजळीने अर्धे बुजले होते, ते तारेने मोकळे केले. अर्धे बुजलेले छिद्र असते तर ज्योत पिवळी आली असती आणि पिवळी ज्योत म्हणजे अपुरे जळणे. अपुऱ्या जळण्यातून जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही. माणसाला फक्त झोप येते. आमच्या प्रयोगशाळेत त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. कोळशाच्या शेगडीतूनही तोच निघतो.

हे मी दोन वर्षांपूर्वीसुद्धा जाणत होते. खिडकी मी लहर म्हणून उघडली नव्हती. बाजेखाली अर्धे पेटलेले कोळसे होते आणि वैनीचे डोके दुखत होते. यापुढे त्या विषयावर लिहीत नाही.

काल कॉलेजाला सुट्टी होती, तेव्हा प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत ती पेटवून पाहिली. आधी बाहेर, उघड्यावर, स्पिरिटने नळी तापवली, कारण पेटताना ती एकदा भडकते. ज्योत निळी बसल्यावर आत नेली, खिडकी लावली, दाराखालची फट पोत्याने बुजवली, आणि मी बाहेरून काचेतून पाहत राहिले. आमचा शिपाई ज्योतिबा म्हणाला, "बाई, थंडी आत हाय का भाईर? तुमी इकडं कुडकुडताय न् शेगडी एकलीच शेकत बसलीया." पहिला तास जाळी लालबुंद होती. मग ती मळकट झाली. मग कडेने पिवळ्या जिभा निघू लागल्या. दार सताड उघडले तेव्हा काही मिनिटांत पुन्हा निळी. त्यानंतर खिडकी चार बोटे उघडी ठेवून तोच प्रयोग केला. दुपारभर ज्योतीचा रंग बदलला नाही.

बादशहाभाई शेगडी बघायला आले तेव्हा त्यांना हे सांगितले. मला वाटले होते ते हसतील. ते म्हणाले, "ताई, मला काय शिकवता? लढाईत पेट्रोल मिळत नव्हतं तवा आमच्या मोटारीला मागं कोळशाची भट्टी हुती. तिच्या गॅसवर गाडी चालायची. एकदा पावसात क्लीनर ताडपत्री वडून भट्टीपाशी झोपला. उठवाय गेलो तर उठंना. गाल कसे, तर पोरीवानी गुलाबी! मला वाटलं, मज्जेत हाय."

"मग?"

"मग काय, वढून रस्त्यावर टाकला. तासाभरानं वकला, न् शिव्या द्याय लागला. म्हनलं, जगला."

ते हसले. मी हसले नाही. गुलाबी हा शब्द मी यापूर्वी एकदा ऐकला होता. पहिले मूल गेल्याचे कळून मी घरी आले तेव्हा बनाबाई सुईणीने माझ्यादेखत आईला सांगितले होते, "गेलं असं वाटतच नव्हतं, लय गुलाबी दिसत हुतं." तेव्हा मी तो शब्द पुरता ऐकला नाही. मला त्या वेळी कोणाचे काही ऐकू येत नव्हते.

पण त्या रात्री खिडकी उघडी होती. मीच ती उघडी ठेवून आले होते. मग हा हिशेब बसत नाही, आणि न बसणाऱ्या हिशेबावर मी काही बोलणार नाही.

नाताळच्या सुट्टीत मी घरी जात आहे. शेगडी बरोबर नेते.

अंजना


घरी, ता. पाटण, २९ डिसेंबर १९४६

ती. दादा यांस,

वैनीची तब्येत चांगली आहे. पाय थोडे सुजतात. तिच्या माहेरी करणारे कोणी उरले नाही, म्हणून हेही बाळंतपण इथेच, हे तुम्हाला माहीतच आहे. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलली. आई बोलली नाही, म्हणजे बोलली, पण शेगडीशी.

"आली व्हय ही सवत? कुठं बसवायची हिला?"

खोली तीच आहे, माजघराच्या डावीकडची. आईने तयारी करून ठेवली होती. खिडकीची दारे बाहेरून खिळ्याने ठोकलेली, फटींत चिंध्या कोंबलेल्या, दारावर दुहेरी वाकळ टांगलेली. डिसेंबरात इथे सकाळी हौदाच्या पाण्यावर बोट ठेववत नाही, त्यामुळे तिचेही चूक म्हणता येत नाही. मी तुमची चिठ्ठी तिला वाचून दाखवली. रेघेच्या वाक्यासकट. मी काही गाळले नाही.

"बघ, लालासाहेब काय म्हनतोय," आई म्हणाली.

"त्यानं शेगडी घेतली, आई. लावली नाही अजून कधी."

"आन् तू लावलीस?"

"लावली. अख्खा दिवस."

मग मी लोणच्याची रिकामी बरणी मागितली. आईने कारण विचारले. मी देवापुढचा दिवा घेतला, जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर बरणी पालथी घातली. दोघी वाकून पाहत होत्या. ज्योत थोडा वेळ जळली, मग बारीक झाली, मग विझली.

आई पटकन म्हणाली, "देवाचा दिवा असा इझवत्यात व्हय गं? कार्टे!"

"मी विझवला नाही. वारा लागला का त्याला?"

"न्हाई."

"मग का विझला?"

वैनी पोटावर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, त्याला दम खायला जागा न्हाई राहिली."

मी एवढी प्रयोगशाळेतली वर्षे घालवूनही हे असे सांगू शकले नसते.

आईने बरणी उचलून आत बघितले. "त्येलकट केलीस बरनी," म्हणाली, आणि ती स्वतः घासायला घेऊन गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "खिडकी न्हाई उघडायची. खिडकीचं नाव काढायचं न्हाई ह्या घरात. दुसरं काय करायचं ते कर."

म्हणून आम्ही खिडकी ठोकलेलीच ठेवली आणि भिंतीला दोन झरोके पाडले. बादशहाभाई मोटार पाटणला उभी करून पहार घेऊन आले. एक झरोका खाली, धान्याच्या कणगीच्या मागे, म्हणजे बाहेरची हवा कणगीला वळसा घालून येते, बाजेवर थेट येत नाही. दुसरा समोरच्या भिंतीत, वर, वाशाखाली. गार हवा खालून येते, तापलेली वरून जाते. दगड-मातीची भिंत दीड हात जाडीची, दोघांचाही घाम निघाला. आई त्यांना भोकेच म्हणते. "उंदरांची सोय केलीस. मुंगसांची बी कर."

शेगडी कुठे ठेवायची तेही ठरले. बाजेपासून लांब, फरशीच्या तुकड्यावर, म्हणजे डुगडुगणार नाही. तिच्यावर लंगोट वाळत घालायचे नाहीत, यावरून बनाबाईशी वाद झाला आणि मी जिंकले. रॉकेल गाळून, आणि टाकी गार असतानाच भरायचे. रेशनवर मिळते ते थोडेच आहे, म्हणून पहाटे आणि सांजेला तेवढी लावायची. बाळंतीण झोपली असेल तर कोणीतरी जागे बसायचे, नाहीतर विझवायची.

विझवायचे कसे ते मी वैनीला शिकवले. टाकीच्या टोपणावर लहान पितळी मळसूत्र आहे. ते उलटे फिरवले की कोंडलेली हवा फुस्स करून जाते आणि ज्योत बसते. वैनीने ते चार-पाच वेळा करून पाहिले. "फुस्स" झाले की ती प्रत्येक वेळी दचकायची आणि हसायची.

"डोकं जड झालं, मळमळलं किंवा जाळीचा रंग मळला, तर कुणाची वाट बघायची नाही," मी तिला सांगितले. "आधी हे फिरवायचं, मग दार."

"आन् आत्याबाईंनी इचारलं तर?"

"माझं नाव सांग. तसंही माझंच नाव निघतं."

हे वाक्य मी बोलायला नको होते. तिने माझा हात धरला.

मी कॉलेजातून महिन्याभराची रजा घेतली आहे. तुम्हाला यात आक्षेप असेल तर कळवा.

अंजना


घरी, १७ जानेवारी १९४७

ती. दादा यांस,

काल दुपारी वैनी बाळंत झाली. मुलगी. दोघीही सुखरूप आहेत.

तार कराडहून बादशहाभाई करतील, पण तारेत मावत नाही ते असे: रंग सावळा, आवाज मोठा, नाक तुमचे. नाकाबद्दल आता कोणी काही करू शकत नाही.

शेगडी पहाटेपासून चालू होती. ज्योत निळी होती. मी दर थोड्या वेळाने झरोक्यापाशी तळहात धरून पाहत होते. बनाबाई म्हणाली, "पोरगी बघायची सोडून भिताड चाचपतीया ही!"

मी मुलगीही पाहिली.

अंजना


घरी, २१ जानेवारी १९४७

ती. दादा यांस,

हे पत्र शेवटपर्यंत वाचा. आधीच सांगते, दोघीही बऱ्या आहेत. पाटणचे डॉक्टर काल सांजेला आणि आज सकाळी तपासून गेले. काळजीचे काही उरलेले नाही.

काल पाचवी होती. सटवाईच्या पूजेसाठी घर सारवून काढायचे, म्हणून सकाळी वैनी आणि मूल न्हाणीत असताना आईने बाळंतिणीची खोली हातात घेतली. जमिनीला शेण, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा, वाशापर्यंत, तिवईवर चढून. मी शेगडी बाहेर सोप्यात पेटवून ज्योत निळी करून दिली आणि रॉकेल आणायला पाटणला गेले, कारण काल रेशनचा वार होता. बनाबाईने शेगडी आत नेऊन ठेवली. वैनी मुलाला घेऊन आत आली. सारवलेल्या खोलीत गारठा होता, म्हणून दार लावून वाकळ सोडली. बनाबाई जवळ बसायची ती पूजेचा नैवेद्य बघायला चुलीपाशी गेली. आई पाट्यापाशी होती.

आई भिंत सारवायला लागली की तिचा हात भोकापाशी थांबत नाही. आपल्या घरात उंदराचे प्रत्येक बीळ असेच बुजत आले आहे. गोळा घ्यायचा, दाबायचा, वरून तळवा फिरवायचा. तिने दोन्ही झरोके बुजवले. मुद्दाम नाही. तिला ते केल्याचे आठवतसुद्धा नव्हते.

मी परत आले ती जवळजवळ दोन तासांनी. अंगणातूनच मला खोलीची बाहेरची भिंत दिसते. वाशाखालच्या झरोक्यातून एरवी शेगडीचा तांबूस उजेड दिसतो, तो दिसला नाही. त्याच क्षणी आत भांडे पडावे तसा आवाज झाला.

मी धावले. माजघराशी पोचले तेव्हा दार उघडे होते आणि वैनी उंबऱ्यावर पडली होती, मूल छातीशी धरून. तिने टोपणाचे मळसूत्र सोडले होते. शेगडी विझलेली होती आणि रॉकेलचा वास येत होता. दार तिला हाताने उघडता आले नाही तेव्हा तिने लाथ मारली होती. पडलेले भांडे म्हणजे दाराशी ठेवलेला तांब्या.

मूल हलत नव्हते. आणि दादा, ते गुलाबी होते.

मी त्याला उचलून अंगणात आणले, दुपटे काढून टाकले, उघड्या थंडीत. आई ओरडत आली, "अगं, वारं लागंल! वारं लागंल त्याला!" मी म्हटले, "लागू दे." मी हे आरडून म्हटले असावे, कारण शेजारचा धुळा कुंपणावरून पाहत होता. मी मुलीला तळहातावर पालथी धरून पाठ चोळली. तिचे हात लोंबत होते.

मग तिने तोंड उघडले. आवाज नाही आला. पुन्हा उघडले. आणि रडली.

जन्मतानापेक्षाही मोठ्याने रडली. बनाबाई धावत आली ती हातात सूप घेऊनच. धुळा कुंपणापलीकडून म्हणाला, "काय गं अंजे, पोरीला थंडीत उघडी करून नाचवतीस?" आणि मला हसू आले, दादा. मी अंगणात बसून हसत होते आणि मुलगी किंचाळत होती आणि तिकडे वैनी उंबऱ्यावर ओकत होती. कोणी पाहिले असते तर आमच्या घरात वेड शिरले असे म्हटले असते.

वैनी पुरती शुद्धीवर आल्यावर पहिले वाक्य हे बोलली: "जाळी मळकट झाली हुती. तुमी सांगितल्याली तशी. हाका मारल्या, कुणी न्हाई आलं. मग मी फुस्स केलं."

तिने फुस्स केले म्हणून तुमच्या घरात आज दोन माणसे जास्त आहेत. हे तुम्ही तिला पत्रात लिहावे अशी माझी सूचना आहे.

पूजा संध्याकाळी झाली. आई पूजेला बसली नाही. ती कणगीमागे जाऊन बुजवलेल्या झरोक्यापाशी बसून होती. मी सळईने माती काढायला गेले तर ती म्हणाली, "मी काढते." आणि तिने बोटांनी ओली माती कोरून काढली. नंतर मला म्हणाली, "कागद आणून ठेव. लालाला पत्र लिहायचं हाय. माझं."

मी विचारले नाही. दमले आहे. झोपते.

अंजना


घरी, २४ जानेवारी १९४७

दादा,

हे पत्र आईचे आहे. ती सांगते आहे आणि मी उतरवून घेते आहे. तिने अट घातली आहे की एकही शब्द सुधारायचा नाही आणि एकही गाळायचा नाही. मी तिला सांगितले, हे शाळेच्या मास्तरांकडून लिहून घे, माझ्याकडून नको. ती म्हणाली, मागच्या खेपेला मास्तराकडूनच घेतलं हुतं.

आई सांगते:

"लाला, तुझी आई बोलतीया. पोरगी ब्येस हाय. सुला ब्येस हाय. काळजी करू नगंस.

"मागच्या खेपेचं सांगायचं हाय. अंजीनं खिडकी उघडली, ते खरं. तवा सुलाचं डोकं दुखत हुतं, उघडल्यावर जरा उतरलं बी. दुसऱ्या दिशी अंजी सांगलीला गेली. आन् सांच्याला गार वारं सुटलं. म्या म्हनलं, पोरीला काय कळतंय, पुस्तकं वाचून. म्या खिडकी लावली. चिंध्या घातल्या. आन् शेगडीत कोळसं बी जास्त घातलं, पोरगं गारठंल म्हून. सकाळी बघितलं तर..."

(इथे आई उठून मुलीचे दुपटे सारखे करून आली.)

"मास्तर पत्र लिहाय बसला, म्हनला, काय झालं सांगा. म्या म्हनलं, अंजीनं खिडकी उघडी टाकली हुती. हुतीच की, आदल्या दिशी. खोटं न्हाई बोलले. पर फुडचं सांगितलं न्हाई. मला तवा वाटत हुतं, वारं आदल्या दिशीच आत शिरलं आसंल. आसं मनाला सांगत ऱ्हायले. दोन वरसं. अंजी घरी येत न्हवती, मी बोलवत न्हवते.

"पाचवीला त्या बुजीवलेल्या भोकापाशी बसले तवा कळलं. माझाच हात. तवा बी, आता बी. पोरगं कशानं गेलं ते देवाला ठावं. पर अंजीच्या हातानं न्हाई गेलं. एवढं लिही, अंजे. आन् ते खोडू नगंस.

"लाला, तू तिला लय वंगाळ पत्र लिहिलंस म्हनं. मला आजवर म्हाईत न्हवतं. मला काल सुलानं सांगितलं. ते पत्र माझ्या नावचं हुतं, बाबा. तिच्याकडं चुकून गेलं."

आईचे इथे संपले. तिने कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "अंजीच्या हातानं न्हाई, हे कुठं हाय ह्यात?" मी ती ओळ दाखवली. तिने तिच्यावर अंगठा ठेवला. शाई नव्हती. नुसता ठेवला.

आता माझे.

मूल कशाने गेले हे मी खात्रीने सांगू शकत नाही. त्या खोलीत त्या रात्री मी नव्हते. कोळसा, बंद खिडकी आणि बनाबाईचा तो शब्द, एवढेच माझ्याजवळ आहे. मी त्याला पुरावा म्हणत नाही. पण दोन वर्षे मी असे धरून चालले होते की खिडकी रात्रभर उघडी होती आणि तरीही मूल गेले, म्हणजे शास्त्र खरे असले तरी मीच कुठेतरी खोटी. परवा आईने हे मला आधी तोंडी सांगितले तेव्हा पहिल्यांदा मला कळले की मी दोन वर्षे प्रत्येक रात्री मनातल्या मनात ती खिडकी पुन्हा पुन्हा लावत होते. आता लावत नाही. काल दुपारी मी बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर झोपले आणि सांजेपर्यंत उठले नाही. वैनीने मला उठवले नाही. तिने नुसती शेगडी विझवून ठेवली.

आता एक मागते, आणि तू ते ऐकशील अशी मला आशा आहे. आईला तसले पत्र लिहू नकोस. मला जे लिहिलेस तसले. मी ते दोन वर्षे बाळगले, मी तरुण आहे. तिला जमणार नाही. तिने पोर गारठू नये म्हणून खिडकी लावली. तू वाऱ्याचा कण येऊ नये म्हणून रेघ ओढलीस. मी दम कोंडू नये म्हणून उघडली. आपण तिघेही मूलच वाचवत होतो. याहून जास्त मला काही म्हणायचे नाही आणि तूही म्हणू नकोस.

तिला लिही की मुलीचे नाक तुझ्यावर गेल्याचे ऐकून वाईट वाटले. तिला हसू येईल.

बारशाला तुला रजा मिळणार नाही हे मी धरून चालते. मिळाली तर कराड स्टेशनावर बादशहाभाईंची मोटार असेल. नाव वैनीने ठरवले आहे, पण ते तू आल्याशिवाय कोणाला सांगायचे नाही असे तिने बजावले आहे. मलाही सांगितलेले नाही.

शेगडी ठीक चालते. झरोके पुन्हा बुजणार नाहीत. पाचवीच्या दुसऱ्याच दिवशी आईने फुटक्या घागरींचे दोन गळे शोधून आणले आणि दोन्ही भोकांत मातीने पक्के बसवले, काठ भिंतीच्या बाहेर ठेवून, म्हणजे सारवताना हाताला अडखळावे. हे मला सुचले नव्हते.

रोज सकाळी शेगडी आत आणायच्या आधी ती कणगीमागे वाकते, घागरीच्या गळ्यापाशी तळहात धरते आणि थोडा वेळ तशीच थांबते. मग मागे वळून वैनीला सांगते, "आलं गं वारं. आना आता."

तुझी
अंजी